डोळ्याच्या पडद्याचा डॉक्टर व्हायला किती वर्षं लागतात? मुलीसाठी विचारतोय

जांबोटीकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज विचारायला आलोय.

माझी थोरली बेळगावात सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला आहे, सायन्स. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकली. पुढचं काय ठरलेलं नव्हतं. खरं गेल्या पावसाळ्यात आबांच्या डोळ्यांचं झालं आणि तिथनं तिनं एकच धरलंय, पडद्याचा डॉक्टर व्हायचं.

आबांना साखर पंधरा-सोळा वर्षं. गोळ्या चालू होत्या, रोज पेपर वाचायचे. तीन वर्षांमागं एका शिबिरात मोतीबिंदू काढला, तेव्हापासनं आम्ही समजलो डोळ्याचं काम संपलं. पडदा तपासून घ्या असं कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. श्रावणात एक दिवस म्हणाले, डोळ्यासमोर काळ्या मुंग्या फिरूलाल्यात. आठ दिवसांत डाव्या डोळ्याला नुसता उजेड कळायला लागला. गोव्यात शहरात नेलं तर आत रक्त उतरलेलं, पडदा ओढला गेलेला. ऑपरेशन झालं, खरं डावा डोळा आला नाही. उजवा लेझर मारून राखलाय.

लेझरच्या दिवशी पोरगी सोबत होती. डॉक्टरांनी उजव्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो स्क्रीनवर दाखवला. केशरी गोल, त्यात लाल ठिपके आणि पिवळट डाग. हिनं विचारलं, हे डाग आधी दिसले असते काय? बाहेर एवढी रांग असताना त्या बाईंनी तिला पाच मिनिटं देऊन समजावलं. परत येताना बसमध्ये एक शब्द बोलली नाही. जांबोटीला उतरताना म्हणाली, "पप्पा, हे शिकायला किती वर्षं लागतात?"

मला उत्तर देता आलं नाही. वर ती म्हणते, नुसतं डॉक्टर नाही, संशोधन करायचं. आमच्या घरात कुणी डिग्रीपर्यंत गेलेलं नाही. जाणकारांनी सांगावं: वर्षं किती, पैसा किती, आणि मराठी शाळेतल्या पोरीला झेपतंय काय.

तवंदी_घाट

जांबोटीकर, मी निपाणीचा. वडील तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे. पडद्याच्या शस्त्रक्रिया करायला लागून मला चौदा वर्षं झाली. आधी वर्षांचं सांगतो.

एमबीबीएस साडेचार वर्षं, त्यावर इंटर्नशिप एक. मग नीट पीजी, म्हणजे पुढच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा. पहिल्याच फटक्यात हवी ती रँक येते असं नाही, बऱ्याच जणांचं एक वर्ष तिथं जातं. पुढं नेत्ररोगात एमएस नाहीतर डीएनबी, तीन वर्षं. इथपर्यंत आलं की माणूस डोळ्याचा डॉक्टर झाला. मोतीबिंदू, काचबिंदू, तिरळेपणा, सगळं बघतो. पडद्याची शस्त्रक्रिया मात्र अजून त्याच्या हातात नसते. त्यासाठी वेगळी फेलोशिप, साधारण दीड ते दोन वर्षं. मदुराईचं अरविंद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, बंगळूरचं नारायण नेत्रालय ही त्यातली मोठी ठिकाणं. अठराव्या वर्षी सुरुवात केली तर तिशीच्या आसपास तुमची मुलगी स्वतःच्या जबाबदारीवर पडद्याचं ऑपरेशन करेल. पीएचडी करायची तर आणखी तीन ते पाच वर्षं धरा.

आता या वर्षांत नेमकं काय शिकायचं असतं ते सांगतो, कारण नुसता आकडा ऐकला की छातीत धस्स होतं.

पडदा म्हणजे डोळ्याच्या आतल्या भिंतीला लागून असलेला थर, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ. गर्भात तो मेंदूतूनच तयार होतो. त्याला वेदना कळत नाही, म्हणूनच आबांना पंधरा वर्षं काही दुखलं नाही. तो बघायचा तर बाहुली मोठी करायची, डोक्याला दिव्याचं यंत्र बांधायचं आणि हातात २० डायॉप्टर ताकदीचं भिंग धरायचं. दिसतं ते उलटं: वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे. फेलोशिपच्या पहिल्या तीन महिन्यांत मी मुख्यतः चित्रं काढली. पेशंट आडवा झोपलेला, कागद त्याच्या छातीवर उलटा ठेवलेला, हातात रंगीत पेन्सिली. जागेवर असलेला पडदा लाल, सुटलेला निळा, छिद्र असेल तर लाल आणि त्याला निळी कड. सर ते चित्र हातात घेऊन स्वतः डोळ्यात बघायचे. माझ्या चित्रात नसलेलं छिद्र त्यांना दिसलं की पुन्हा बसायचं. एका आजींचं चित्र मी चार वेळा काढलं. चौथ्या वेळी अगदी कडेला, बुबुळाच्या मागच्या बाजूला, तांदळाच्या कणीएवढं छिद्र सापडलं. ते राहून गेलं असतं तर ऑपरेशन फुकट गेलं असतं.

छिद्र शोधा, हे शिकवायलाही कुणीतरी आधी संशोधन करावं लागलं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे जूल गोनँ यांनी १९२० च्या आसपास दाखवलं की पडदा सुटण्याच्या मुळाशी छिद्र असतं आणि ते बंद केलं तर पडदा परत बसतो. त्याआधी पडदा सुटला म्हणजे डोळा गेला असंच धरायचे. मग बेल्जियमचे चार्ल्स शेपन्स. दुसऱ्या महायुद्धात नाव बदलून फ्रान्सच्या सीमेवर लाकडाची गिरणी चालवली आणि तिच्या आडून माणसं स्पेनमध्ये सुखरूप पोचवली. दोन्ही डोळ्यांनी बघता येईल असं डोक्याला बांधायचं ते यंत्र त्यांचंच. पुढं ते अमेरिकेत बोस्टनला गेले. त्यांच्या हाताखाली शिकून आलेले डॉ. एस. एस. बद्रीनाथ यांनी १९७८ मध्ये चेन्नईत शंकर नेत्रालय उभं केलं. ते यंत्र डोक्याला बांधून एखाद्या विडी कामगार मावशीचा पडदा बघताना ही सगळी माणसं मला आठवतात.

पैशाचं आणि प्रवेशाचं इथले विद्यार्थी जास्त ताजं सांगतील.

कागवाड_नाका

डॉक्टरसाहेबांनी मनापासून लिहिलंय, खरं मी काळजीची बाजू मांडतो. माझी मावसबहीण एमबीबीएस झाली, पीजीसाठी दोन वर्षं घरी बसून अभ्यास केला. त्या दोन वर्षांत येणारा-जाणारा लग्नाचं विचारायचा. मुलगी तीस वर्षांची होईपर्यंत शिकणार हे घरानं आधीच मनाशी पक्कं करावं लागतं. नाहीतर मधेच कुणाचं तरी ऐकून पोरीचा अभ्यास अर्ध्यावर राहतो. जांबोटीकर, खर्चाच्या आधी हे घरात बोला. आईशी, आबांशी.

आणि संशोधनाचं मला खरंच कळत नाही. आपल्या भागात साधा पडद्याचा डॉक्टर मिळायला मारामार आहे. अथणी, रायबागकडची माणसं मिरजेला नाहीतर हुबळीला धावतात. अशा वेळी शिकलेल्या मुलीनं लॅबमध्ये जाऊन बसावं का?

अनगोळ_तिसरं_रेल्वे_गेट

मी नेत्ररोगाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शाळा मराठीच. प्रवेशाचं मी सांगते.

१. बेळगावात दोन वाटा: सरकारी मेडिकल कॉलेज बिम्स आणि १९६३ पासूनचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज. सरकारी जागा मिळाली तर एमबीबीएसचा खर्च शेतकऱ्याच्या घराला पेलतो. खासगीतल्या मॅनेजमेंट जागेची फी बघून घाबरू नका, तिकडे बघायचंच नाही असं ठरवून रँकसाठी अभ्यास करा.

२. पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत झाली असेल तर कर्नाटकात ग्रामीण कोटा आहे. शाळेचा दाखला बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसमधून सही करून घ्यावा लागतो. हे काम आत्ताच करा. निकालानंतर तिथं झुंबड असते.

३. महाराष्ट्राच्या वैद्यकीय प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी थोड्या राखीव जागा असतात. आपलं गाव त्या ८६५ गावांच्या यादीत आहे का बघा आणि दोन्हीकडे अर्ज भरा.

४. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही निघते, पण ती महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. बेळगाव केंद्र घेतलं तर इंग्रजीच धरून चाला. पीयूसीला इंग्रजीतूनच शिकतेय म्हणजे अडचण नाही. मला पहिले सहा महिने जड गेले. शरीररचनेचं पुस्तक एका बाजूला आणि शब्दकोश दुसऱ्या बाजूला. नंतर शब्द आपसूक बसतात.

भाषेचंच आणखी एक. आमच्या ओपीडीत दिवसभर हेच चालतं: वर बघा, खाली बघा. म्याल नोड्री, केळग नोड्री. ऊपर देखिए, नीचे देखिए. बाहेरून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांना हे पाठ करावं लागलं. आपल्या खानापूर-बेळगावच्या पोरांना ते जन्मापासून येतं. घाबरलेल्या अज्जीला तिच्या बोलीत "आणि थोडं, झालंच बघा" म्हटलं की डोळा स्थिर राहतो. डोळा स्थिर राहिला की पडद्याची कड नीट दिसते. तेव्हा मराठी शाळेतली म्हणून मागं पडेल ही भीती काढून टाका.

कागवाडदादा, संशोधन म्हणजे लॅबच असं नाही. एमबीबीएसला असतानाच आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) दोन महिन्यांची विद्यार्थी योजना असते. मी त्यात साखरेच्या पेशंटना एकच प्रश्न विचारत फिरले: पडदा कधी तपासलात? उत्तरं लिहून घेतली. बहुतेकांचं म्हणणं, "नजर चांगली आहे की, कशाला?" याच जागी माझ्या मनात विषय पक्का झाला.

अथणीची_आई

मी डॉक्टर नाही. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

माझा मुलगा तिसाव्या आठवड्यात झाला, वजन तेराशे ग्रॅम. महिनाभर काचेच्या पेटीत. डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ होती, चार आठवड्यांनी डोळे तपासणे. घरी सगळे म्हणाले, एवढ्याशा बाळाचे डोळे काय तपासायचे, वाऱ्यात नेऊ नका. नर्स सिस्टरनी मात्र दोनदा फोन केला. गेलो. बाळाच्या डोळ्यावर छोटा कॅमेरा टेकवून फोटो काढले. त्या वेळी मी बाहेर उभी राहून रडत होते. दोन दिवसांत लेझर झालं.

आता तो दुसरीत आहे. जाड चष्मा आहे, पण स्वतःचं पुस्तक स्वतः वाचतो. जांबोटीकर भाऊ, तुमच्या मुलीला शिकू द्या.

तवंदी_घाट

ताई, तुम्ही नेलंत म्हणून त्याची नजर राहिली.

इतरांसाठी थोडं सांगतो. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाच्या पडद्यावर रक्तवाहिन्या पूर्ण पसरलेल्या नसतात. बाहेर आल्यावर त्या वेड्यावाकड्या वाढू शकतात आणि पडदा ओढून सोडवतात. आपल्याकडचा नियम: ३४ आठवड्यांच्या आत जन्म किंवा दोन हजार ग्रॅमपेक्षा कमी वजन असेल तर तीस दिवसांच्या आत तपासणी. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा बाराशे ग्रॅमपेक्षा हलकं बाळ असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. उपचाराची गरज निघाली तर दोन-तीन दिवसांत करावा लागतो.

कागवाड_नाका, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर याच गोष्टीत आहे. बाळांचा पडदा बघणारे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेही शहरात. बाळं मात्र जिल्ह्याजिल्ह्यात. बंगळूरच्या नारायण नेत्रालयातले डॉ. आनंद विनेकर यांनी २००८ मध्ये किड्रॉप नावाचा कार्यक्रम सुरू केला. तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन कर्नाटकातल्या लहान गावांच्या नवजात कक्षांत जातात, फोटो पाठवतात, आणि डॉक्टर दूर बसून ते बघून सांगतात. कुणी विचारेल, यात संशोधन कुठं आलं? तंत्रज्ञाच्या फोटोत दिसणारा पडदा आणि तज्ज्ञानं प्रत्यक्ष बघितलेला पडदा यांचा मेळ बसतो का, हे शेकडो बाळांवर मोजून सिद्ध करावं लागतं. नाहीतर त्या फोटोच्या भरवशावर बाळाला घरी पाठवायची हिंमत कोण करेल? हे मोजमाप करणारा माणूस ओपीडीतलाच असतो.

गोकाकचे_गुरुजी

आमच्या तरुणपणी डोळ्याचा डॉक्टर म्हटलं की एकच नाव, डॉ. एम. सी. मोदी. विजापूर भागातल्या बिळगीचे. गावोगाव शिबिरं घेऊन मोतीबिंदूची ऑपरेशनं करत फिरले. १९६८ साली पद्मभूषण मिळालं. आमच्या आजीचा मोतीबिंदू अशाच एका शिबिरात निघाला होता. शिबिरांनी या भागातलं आंधळेपण किती कमी केलं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. मग पडद्याचं शिबिर का होत नाही?

वडगाव_बाजार_गल्ली

गुरुजी, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, चौदा वर्षं डोळे तपासतोय. तपासणीचं शिबिर होतं, उपचाराचं होत नाही. मोतीबिंदू एकदा काढला की निघाला. साखरेचा पडदा आयुष्यभर बघावा लागतो. साखर कळली त्या वर्षी एकदा, आणि पुढं दर वर्षी, नजर कितीही चांगली असली तरी. इंजेक्शन लागलं तर महिन्या-महिन्यानं यावं लागतं. हातमाग चालवणारा माणूस दर महिन्याला एक दिवसाची मजुरी बुडवून किती वेळा येईल? तिसऱ्या खेपेला गळतो. मी नावं लिहून ठेवतो, फोन करतो. निम्मे येतात.

जांबोटीकर, रँक थोडक्यात हुकली तर बीएस्सी ऑप्टोमेट्रीची वाट बंद समजू नका. चार वर्षं, त्यात शेवटचं इंटर्नशिपचं. पडद्याचे फोटो, स्कॅन हे काम आम्हीच करतो.

चिकोडी_ते_हैदराबाद

मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ आहे. एमएस्सी बायोटेक, मग पडद्याच्या पेशींवर पीएचडी. म्हणजे मुलीसमोर दोन वाटा आहेत: डॉक्टर होऊन संशोधन, किंवा थेट विज्ञानातून. डॉक्टर होऊन आलेल्या माणसाकडे एक गोष्ट असते जी माझ्याकडे नाही. पेशंट समोर बसलेला असतो आणि प्रश्न तिथंच सुचतो.

उदाहरण आपल्याच घरातलं देते. आमच्या भागात मामाच्या मुलीशी लग्न अजून होतं. माझ्या आईच्या माहेरी दोन भावंडांना रातांधळेपणा. दिवेलागणीनंतर ओसरीच्या पायऱ्या चाचपत उतरायचे, चाळिशीत नजर नळीएवढी राहिली. घरचे म्हणायचे, नशीब. तो रेटिनायटिस पिग्मेंटोझा, पडद्याचा आजार होता. याच्या बऱ्याच प्रकारांत आई-बाप दोन्हीकडून तेच बिघडलेलं जनुक आलं की आजार उमटतो, आणि नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते. अशी बिघडू शकणारी जनुकं अनेक आहेत. त्यातल्या आरपीई६५ या एका जनुकावरचा उपचार २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. बाजारात आला तेव्हा दोन डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर होती. माझ्या मामांना तो लागूही पडला नसता. कुठल्या घरात कुठलं जनुक आहे हे आधी शोधावं लागतं, आणि त्यासाठी घरोघर बसून वंशावळ लिहून घ्यावी लागते. कोण कुणाचा मामा, कोण कुणाची आत्या. हे काम मराठी-कन्नड दोन्ही बोलणारी मुलगी जसं करेल तसं बाहेरचा माणूस करू शकणार नाही.

महाग औषधाचीच एक वेगळी बाजू. म्हातारपणी पडद्याचा मध्यभाग खराब होतो त्यावरचं रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये आलं, फार महाग. त्याच कुळातलं बेव्हासिझुमॅब मुळात आतड्याच्या कॅन्सरचं औषध, डोळ्याला लागणारा डोस कितीतरी स्वस्त. डॉक्टर ते वापरायला लागले होते, पण तितकंच चालतं का हे पक्कं कुणाला ठाऊक? २०११ मध्ये दोन्ही समोरासमोर ठेवून केलेल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला: वर्षभरानंतर नजरेत दोन्ही सारखीच. आज गरीब पेशंटला परवडणारं इंजेक्शन मिळतं त्यामागं हा अभ्यास आहे. कागवाडदादा, याला मी संशोधन म्हणते.

कागवाड_नाका

पटलं. मी लॅबचं बोललो ते मागं घेतो. लग्नाचं मात्र मागं घेत नाही, ते घरात आधीच बोला.

जांबोटीकर

सगळ्यांचं दोनदा वाचलं, रात्री घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. अथणीच्या ताईंचं वाचताना बायको उठून आत गेली.

लग्नाचं बोललो. आई म्हणाली, तीस तर तीस. आबा म्हणाले, मला दिसतंय तोवर तिला पांढऱ्या कोटात बघायचं आहे, तेवढं लवकर करा. बीईओ ऑफिसला सोमवारी जातोय. गाव यादीत आहे, बघितलं.

एक राहिलं. माझं वय ४६, मलाही साखर निघून चार वर्षं झाली. पडदा कधीच दाखवला नाही. हे लिहायला लाज वाटते.

आता पोरगी लिहितेय:

नमस्कार. मी वाचलं सगळं. डॉक्टर काका, मला एक विचारायचं आहे. आबांच्या डाव्या डोळ्यात ऑपरेशनच्या वेळी गॅस घातला होता. आम्ही तेव्हा गोव्यात होतो मामाकडे, ऑपरेशन तिथंच झालं. डॉक्टरनी सांगितलं होतं, घाट चढू नका, गॅस जाईपर्यंत तिथंच थांबा. आम्ही तीन आठवडे थांबलो. कारण कुणी सांगितलं नाही. चोर्ला घाटाचा आणि डोळ्याचा काय संबंध?

तवंदी_घाट

बाळ, उत्तर तुझ्या फिजिक्सच्या पुस्तकात आहे, बॉइलचा नियम. गोवा समुद्रसपाटीला, बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंच. वर चढशील तशी बाहेरची हवा विरळ होते, दाब कमी होतो आणि पडदा जागी दाबून धरायला डोळ्यात घातलेला गॅसचा बुडबुडा फुगतो. डोळ्याला फुगायला जागा नाही, मग आतला दाब वाढतो आणि पडद्याचा रक्तपुरवठा अडू शकतो. म्हणून गॅस असताना विमानही नाही आणि घाटही नाही. त्या डॉक्टरांनी योग्यच सांगितलं, तुम्ही थांबलात तेही योग्य. किती चढलं तर दाब किती वाढेल ते मांडून बघ, जमलं तर इथं टाक. बुडबुडा डोळ्याच्या अर्ध्या भागाएवढा धर.

जांबोटीकर, लाज कसली. मी महिन्यातून एका शनिवारी बेळगावात बघतो, पत्ता निरोपात पाठवलाय. सकाळी या, मुलीला घेऊन या. डोळ्यात थेंब घातल्यावर चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही, तेव्हा मोटारसायकल आणू नका, बसनं या. शुगरचे जुने कागद असतील तेवढे घ्या. तुमचा पडदा बघून झाला की तुमची परवानगी असेल तर भिंग तिच्या हातात देईन. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही, नुसता केशरी उजेड दिसतो. तिला आधीच सांगून ठेवा.

अनगोळ_तिसरं_रेल्वे_गेट

मी पण त्या शनिवारी मोकळी आहे. रंगीत पेन्सिली मी आणते.